सहा कपाटं आणि पाण्याचा मंगळवार

१ जुलै, मंगळवार

मिस, आधी तारीख लिही. काल तीच विसरलीस. परवा चष्मा विसरलीस. त्याच्या आदल्या दिवशी जिना उतरून आलीस ती कशासाठी हेच विसरलीस, बसून कॉफी प्यायलीस आणि परत वर गेलीस. हे पुढे वाचणारीही तूच आहेस, म्हणून सांगून ठेवते, हे कुणाला दाखवायचं नाही. तेवढं तरी लक्षात ठेव.

आमचा करार असा. वरच्या मजल्यावरच्या इब्तिसामच्या बोटांना डॉक्टरने रोज लिहायला सांगितलंय. मला अक्षर येत नाही, पण बोलायला पुष्कळ आहे. बोटं तिची, जीभ माझी. शाळेत शिकवणं सोडून वर्षं झाली तरी आमची सगळी अश्रफिया वस्ती तिला मिसच म्हणते, मीही म्हणते. हसू नकोस, लिही.

आज सकाळी नळ खोकला आणि मग बोलू लागला. आमचा पाण्याचा वार मंगळवार. पंप सुरू केला, मग चादरी, मग पडदे, मग जिना. आता आठवडाभर नळ गप्प बसणार आणि आम्ही गच्चीवरच्या टाकीवर दिवस काढणार. अम्मानमध्ये माणूस बायकोचा वाढदिवस विसरतो, पाण्याचा वार विसरत नाही.

माझी नात दीमा माझ्याजवळ राहते. तिचा बाप, माझा नायफ, शारजाला असतो; मला उम्म नायफ म्हणतात ते त्याच्यावरून. दीमाने आणि तिचा भागीदार कुतैबा याने टाकीत लावायची एक डबी काढलीय. टाकीतलं पाणी हललं की डबी कळवते, आणि टाकी किती भरली ते फोनवर दिसतं. गच्चीवर चढून झाकण उघडायला नको. माझ्या गुडघ्यांनी तिला आशीर्वाद दिलेत. या डब्या जे जे कळवतात ते लिहून घ्यायला एका थंडगार खोलीत सहा कपाटं आहेत. पोरं त्यांना सर्व्हर म्हणतात, आणि सहा जणांच्या एकत्र कारभाराला डेटाबेस. मी जाऊन पाहून आले. एकाचंही दार उघडून दाखवलं नाही, आणि उन्हाळ्यात शाल पांघरून बसावं लागलं. एक नोंद तीन कपाटांत लिहितात. का, तर एखादं मेलं तर बाकीच्या दोघांनी सांगावं.

आता खरी गोष्ट. पाणी खात्याने यांना उन्हाळाभराची मुदत दिलीय. ऑगस्टमध्ये खात्याचा साहेब त्यांच्यापाशी येऊन बसणार. पाण्याच्या दिवशी कपाटं टिकली तर अख्ख्या अम्मानच्या टाक्या यांच्याकडे. नाही टिकली तर दुकान बंद आणि दीमा शारजाला. बापाने तिथे नोकरी बघून ठेवलीय आणि हिने त्याला शब्द देऊन ठेवलाय.

मला ती इथेच हवी आहे. हे लिही, पण बारीक अक्षरात.

३ जुलै, गुरुवार

दीमा आणि कुतैबा घरी जेवायला. कुतैबा काडीसारखा उंच. पण मकलूबाचं पातेलं परातीत उपडं केलं की त्याच्या बाजूचा भात आधी सपाट होतो.

जेवता जेवता दीमा म्हणाली, "तेता, अम्मानची सहा भागांत वाटणी करायची तर तू कशी करशील?" आमच्यात नात आजीला तेता म्हणते आणि आजीही नातीला तेताच म्हणते. त्यामुळे आमच्या घरात कोण कुणावर ओरडतंय ते शेजाऱ्यांना कधी कळत नाही.

मी म्हटलं, "यात विचारायचं काय? पाण्याच्या वाराने. मंगळवारवाले सगळे एका कपाटात, बुधवारवाले दुसऱ्यात. शुक्रवार-शनिवारला मिळून एक."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुतैबाचा चमचा थांबला, म्हणजे गोष्ट मोठी असणार.

"खाला," तो म्हणाला, "हे फार बरं होईल. साहेबाने विचारलं, अश्रफियाचं काय चाललंय, की एकच कपाट उघडायचं."

"ते उघडत नाही. मी पाहिलंय."

"आजपासून तुम्ही आमच्या बाश-मुहंदिसा." म्हणजे सगळ्या इंजिनियरांची मुख्य. मिस, हे मोठ्या अक्षरात लिही.

६ जुलै, रविवार

मुख्य इंजिनियर आज दिवसभर द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली.

८ जुलै, मंगळवार

पाणी आलं. डब्या अजून थोड्याच घरांत आहेत. कपाटं मजेत. माझी वाटणी छान चालली.

दुपारी नायफचा फोन. आईला तो यमा म्हणतो. "यमा, तिला फार लाडावून ठेवू नकोस. उन्हाळा संपला की तिला इथे यायचंय."

"मी कुठे लाडावते? रोज घरातून हाकलते तिला."

फोन ठेवला आणि तिच्या आवडीची मुलूखियाची पालेभाजी चढवली.

१५ जुलै, मंगळवार

आज झालं ते नीट लिही. अर्धं तू खिडकीतून पाहिलंसच.

गेल्या आठवड्यात पोरांनी अश्रफियाच्या घराघरात डब्या लावल्या. आज सकाळी पाणी आलं. सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले, सगळ्या टाक्या एकदम चढायला लागल्या, सगळ्या डब्या एकदम बोलायला लागल्या. आणि बोलल्या कुठे? मंगळवारच्या कपाटात. बिचारं थोडा वेळ लिहीत राहिलं, मग अडखळलं, मग बसलंच खाली.

इकडे तळमजल्यावरच्या अबू समीहने गच्चीवर वर्षाची मुलूखिया वाळत घातली होती. फोनवर टाकी अर्धी दिसत होती, म्हणून तो पंप चालू ठेवून दारात अर्गीला, म्हणजे हुक्का, ओढत बसला. टाकी केव्हाच वाहायला लागली होती. मुलूखिया जिन्यावरून पोहत पोहत खाली आली, त्याला शोधत.

तो माझ्या दारात. चपलांना हिरवी पानं चिकटलेली.

"उम्म नायफ, तुमच्या नातीचा फोन म्हणतो, अर्धी. माझे पाय म्हणतात, भरली. मी कुणाचं ऐकू?"

"पायांचं. ते तुला जास्त दिवस ओळखतात."

"आणि मुलूखिया?"

"ओलीच शिजव. आम्ही सगळे जेवायला येतो."

तो हसला नाही. जिना उतरताना मात्र त्याचे खांदे हलत होते. मिस म्हणते तो रडत होता. मुळीच नाही.

दुपारी दीमा आली. चेहरा राखेसारखा. बूट न काढता बसली, तरी मी ओरडले नाही. तिनेच सांगितलं. मंगळवारचं कपाट आणि त्याच्या नकला ठेवणारी दोन, अशी तिघं घाम गाळत होती. उरलेली तीन भिंतीला टेकून उभी होती, लग्नात मुलाकडचे उभे असतात तशी.

"तेता, वाटणीच चुकली."

"मला तुम्ही अम्मानची वाटणी विचारलीत. कपाटांची विचारली नाहीत."

"तेता..."

"आणि मंगळवारवाले मंगळवारीच बोलणार. बुधवारी बोलून काय करतील?"

तेव्हा ती हसली. म्हणाली, "चूक आमची. आम्हालाही ते इतकं बरोबर वाटलं ना! कुणा परक्याने वाटणी केली असती तर त्याला पाण्याचा वार माहीतच नसता. तो वाचला असता. ही चूक फक्त अम्मानचा माणूसच करू शकतो."

आम्ही दोघी अबू समीहकडे गेलो आणि त्याची ओली मुलूखिया जेवून आलो. लसूण कमी होता.

१६ जुलै, बुधवार

मुख्य इंजिनियरच्या पदावरून मी उतरले. कुणी काढलं नाही. स्वतःच्या पायाने उतरले.

१७ जुलै, गुरुवार

नवी वाटणी. वस्ती बघायची नाही, वार बघायचा नाही. प्रत्येक घराचा जो नंबर आहे तो घुसळायचा आणि घुसळून जे कपाट निघेल तिथे ते घर. शेजारी शेजारी येत नाहीत. अश्रफियाची घरं सहाही कपाटांत विखुरली, म्हणजे मंगळवारी सगळ्यांनाच थोडं थोडं काम.

मी विचारलं, माझी टाकी कुठे? दीमाने बघून सांगितलं, चौथ्यात. आणि मिसची? पहिल्यात, अब्दूनच्या बंगलेवाल्यांबरोबर.

एकाच जिन्यावरच्या दोघी, पाणी एकाच नळाचं, आणि ही अब्दूनवाल्यांत जाऊन बसली! तेव्हापासून हिची मान ताठ आहे. मिस, खोटं असेल तर खोडून टाक.

खोडलं नाहीस ना? कागदावर खाडाखोड आहे का बघू दे. बरं.

२२ जुलै, मंगळवार

पाणी आलं. सकाळी सहाही कपाटं कामाला लागली, एकही बसलं नाही. दीमाने फोन केला, "तेता, सगळी सारखी घामाघूम आहेत." एवढ्या आनंदाने कुणी घामाची बातमी दिलेली मी ऐकली नव्हती.

मग दुपारी सगळीच हळू झाली.

संध्याकाळी तिने मला चादरींच्या ढिगाशी बसवून समजावलं, मी घड्या घालत होते म्हणून. कपाट घाईत असलं की येईल ती नोंद वरच्या वर टाकत जातं, मी दोरीवरचे कपडे पलंगावर टाकते तसं. म्हणून ते भरभर लिहितं. पण कधीतरी बसून लावावंच लागतं, नाहीतर पुढे एक मोजा सापडत नाही. तर कपाटांनी आवरायला नेमकी तीच वेळ काढली जेव्हा डब्यांचा गलका चालू होता. लिहायचंही आणि आवरायचंही. दोन्ही रखडलं.

कुतैबा म्हणाला, मंगळवारी आवरणं बंदच ठेवू. दीमा म्हणाली, मग बुधवारी पलंगच दिसणार नाही. शेवटी ठरलं की आवरणं चालू ठेवायचं पण बेताने. गलका वाढला की हात आखडता घ्यायचा, कमी झाला की सोडायचा. तिने ते करून पाहिलं, आकडे सारखे केले, परत बिघडवले, परत सारखे केले. आता चार दिवस तिच्या तोंडात दुसरा विषय नसेल.

आणि हो, खात्याच्या साहेबाची कुरकुर आलीच. आता "अश्रफियाचं काय?" असं विचारलं की सहाही कपाटांना विचारावं लागतं, उत्तराला वेळ लागतो. माझ्या वाटणीत ते एका फटक्यात मिळत होतं. मी फक्त कुतैबाला भात वाढताना थोडं थांबले, एवढंच. त्यावरही पोरांनी उपाय काढला, दर थोड्या वेळाने वस्तीवार बेरीज करून बाजूला ठेवायची, म्हणजे साहेबाला तयार मिळेल.

२७ जुलै, रविवार

पोरांचं कडाक्याचं भांडण. माझ्याच बाल्कनीत, माझंच कलिंगड आणि पनीर खात.

भांडण असं. डबी पाणी बोटभर चढलं तरी कळवते, परत बोटभर चढलं की परत कळवते. एकेका बोटासाठी कपाटाचं दार ठोठावणं. कुतैबाचं म्हणणं, डबीने नोंदी पोटात साठवाव्यात आणि दहा मिनिटांनी एकदम गठ्ठा द्यावा. कपाटाला कितीतरी आराम.

दीमा म्हणाली, "आणि मधेच डबीची बॅटरी गेली तर? दहा मिनिटांचं पाणी गेलं कुठे?"

"टाकीत असेल. पाणी कुठे जातंय?"

"आपण ते कळवायचा धंदा करतो, कुतैबा!"

"सगळंच हवं असेल तर सगळंच पडेल. पंधरा जुलै आठवते का?"

"तू खाऊन घे आधी, मग बोल. बिया उडतायत."

मी मधे पडले नाही. पदावरून उतरलेल्या माणसाने पडू नये. सुरीने कलिंगड कापत राहिले आणि ज्याचा मुद्दा कमी पडतोय त्याला मोठी फोड देत राहिले. पनीर संपेपर्यंत ठरलं, गठ्ठा करायचा, पण लहान, थोड्या सेकंदांचा. आणि गलका फारच झाला तर तेवढ्यापुरता मोठा. शिवाय डबीने नोंद पाठवली तरी कपाटाने "मिळाली" म्हणेपर्यंत पोटातली पुसायची नाही.

मग आणखी एक निघालं. एक नोंद तीन कपाटांत जाते, तर "मिळाली" कधी म्हणायचं? आतापर्यंत तिघांनी होय म्हणेपर्यंत थांबत होते. एक रेंगाळलं की सगळे रेंगाळले. दीमा म्हणाली, दोघांनी होय म्हटलं की पुरे, तिसरं मागाहून लिहून घेईल.

मी विचारलं, "दोघांवर भागतं?"

कुतैबा म्हणाला, "खाला, निकाहाला साक्षीदार किती लागतात?"

"दोन."

"मग?"

खरंच की. माझ्या लग्नात तिसरा साक्षीदार म्हणून बोलावलेला काका कुनाफ्याची मिठाई खात बसला होता. तरी लग्न टिकलं, माझा नवरा, अबू नायफ, जाईपर्यंत टिकलं.

३ ऑगस्ट, रविवार

नायफने तिकिटाचं विचारलं. दीमा म्हणाली, "बाबा, बारा तारखेला साहेब येतोय, ती परीक्षा होऊ दे." तो म्हणाला, "तुमचं वाईट व्हावं म्हणून म्हणत नाही, पण तयारी असू दे." चांगला मुलगा आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

ती झोपली की तिची खोली पाहते. वायरी, डब्या, अर्धा खाल्लेला काकडीचा तुकडा. किती पसारा. तो नसला तर मी आवरू काय?

मिस, तू का थांबलीस? लिही. आणि नाक पूस, कागद ओला होईल.

५ ऑगस्ट, मंगळवार

पाणी आलं नाही. वरच्या रस्त्यावर मोठा पाइप फुटला. परीक्षेआधीचा सरावाचा मंगळवार फुकट गेला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टाकीत तळाशी वीतभर. फोन तसंच सांगतो, आणि मी काठी घालूनही पाहिलं. दीमाला राग आला, काठी का घातली म्हणून. म्हटलं, फोन खरा आहे का ते बघितलं. खरा निघाला. तर जास्तच रागावली.

भांडी एका तसराळ्यात. मिस वर आंघोळीला गेली ती चहाच्या कपाने आंघोळ करून आली असं म्हणते. अब्दूनवाल्यांबरोबर बसून काय उपयोग झाला?

१२ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षा.

मी घरीच होते. मिस माझ्या शेजारी बसून फोनवरची माझी टाकी वाचत होती. मी कपाटांच्या खोलीत गेले नाही, फक्त मकलूबाचं पातेलं पाठवलं. पुढचं सगळं संध्याकाळी दोघांनी सांगितलं, कुतैबा भरल्या तोंडाने आणि दीमा त्याला दुरुस्त करत.

मागचा मंगळवार बुडाला म्हणून खात्याने आज पाणी सढळ सोडलं, आणि एकट्या अश्रफियाला नाही, शेजारच्या डोंगरावरच्या जबल ताजलाही आजच. दोन डोंगर एकाच दिवशी. दोन आठवड्यांची तहान. टाक्या तळापासून वर चढणार, म्हणजे डब्यांना बोलायला दुप्पट. हे साहेबाने येऊन बसल्यावर सहज सांगितलं, चहात साखर ढवळत. म्हणे तुम्हाला कळवायचं राहिलं.

दीमा म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, हातातलं सगळं टेबलावर ठेवावं आणि शारजाचं विमान पकडावं."

पाणी आलं. कपाटं धावायला लागली. सहाही, सारखी. आवरणं मागे पडलं तसं पडू दिलं. दुपारच्या नमाजाच्या सुमाराला एक कपाट मेलं. पाचवं. उगाच, कुणी हात लावला नव्हता. साहेबाने तांबडा दिवा पाहिला आणि कप खाली ठेवला. पण नोंदी तीन तीन ठिकाणी होत्या, दोन साक्षीदार उरत होते. काम थांबलं नाही. मात्र पाचात सहाचं ओझं. मग दीमाने डब्यांना सांगितलं, थोडं दम धरा, गठ्ठा मोठा करा. त्यामुळे कपाटांना श्वास मिळाला, पण पडद्यावरचे आकडे मागे पडले. टाकी पाऊण झालेली असायची आणि पडद्यावर अर्धीच.

इथे कुतैबा हळूच म्हणाला, "अंदाजाने पुढे सरकवून दाखवू. टाकी कुठल्या वेगाने चढतेय ते माहीत आहे. साहेबाला कळणारही नाही."

हे त्याने स्वतःच कबूल केलं. पोरगा खातो खूप, पण लपवत नाही.

दीमाने पडद्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं: हे आकडे दोन मिनिटं जुने आहेत. साहेब वाचायला पुढे वाकला.

"जुने का?"

"एक कपाट गेलंय आणि दोन डोंगर एकदम आलेत. म्हणून आम्ही हळू घेतोय."

"हरवलं काय काय?"

"काही नाही. उशिरा येईल, पण सगळं येईल."

"हे तुम्ही सांगताय. मी कसं मानू?"

"मानू नका. गच्चीवर माणसं पाठवा."

त्याने खरंच पाठवली. स्वतः घरं निवडली. कुठल्या डबीने किती नोंदी पाठवल्या आणि कपाटात किती लिहिल्या गेल्या, दोन्ही ताडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत पाचवं कपाट उठून बसलं होतं आणि बाकीच्यांनी त्याला बुडालेलं सगळं सांगून टाकलं होतं. साहेबाची माणसं परत आली. सगळं जुळलं. सगळं.

आमच्या गच्चीवरही एक जण येऊन गेला होता. मिसने त्याला विचारलं, "कुठल्या कपाटातली टाकी बघताय? मी पहिल्यात आहे." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याला पाणी दिलं.

साहेब जाताना पातेल्याच्या तळाचा खरपूस भात खरवडून खाऊन गेला, निकाल न सांगताच. दीमा म्हणते वाईट लक्षण. मी म्हणते, खरवडून खाणारा माणूस नाही म्हणत नसतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

होय आलं!

अख्खं अम्मान. कुतैबाने जिन्यातूनच ओरडायला सुरुवात केली, अबू समीह दार उघडून "आता काय बुडालं?" म्हणून बाहेर आला. मी लग्नात घालतात तशी हुलहुलीची आरोळी घातली, मिसने वरून घातली, समोरच्या इमारतीतल्या बायकांना वाटलं दीमाचं लग्न ठरलं, त्यांनीही घातली. आता उद्या त्यांना खुलासा करत बसायचं.

नायफला फोन केला. तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह. यमा, तू जिंकलीस." म्हटलं, "मी कुठे खेळत होते?"

मग दीमाने दुसरं वाक्य सांगितलं. खात्याची अट आहे. सहाही कपाटं एका खोलीत नकोत. वीज गेली, आग लागली, भूकंप झाला तर तिन्ही साक्षीदार एकदमच जायचे. म्हणून निम्मी कपाटं दूर, अकाबाला, समुद्राकाठी. आणि ती तिथे नीट चालायला लागेपर्यंत कुणीतरी तिथे राहायला हवं. वर्षभर तरी. कुतैबाची बायको पोटुशी आहे. तर दीमा.

अकाबा म्हणजे शारजा नाही. बसने चार तास. तिथे आपलेच लोक, आपलाच पैसा, शुक्रवारी येऊनही जाता येईल. मी हे सगळं तिला सांगितलं, अगदी आनंदात. ती म्हणाली, "तेता, तू मला समजावतेयस की स्वतःला?"

म्हटलं, जा, चहा टाक.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाणी आलं. फोनवर टाकी भरताना मिसने वाचून दाखवली.

दीमाने तिथे घर पाहिलंय. म्हणाली, "तेता, दोन खोल्या आहेत. एकीला पूर्वेची खिडकी आहे. चल ना."

मी म्हटलं, "आणि मंगळवारी इथे पंप कोण चालवेल? पडदे कोण धुवेल? मिसला तारीख कोण सांगेल?" जन्म गेला या डोंगरावर. लग्न करून आले तेव्हा पाणी डोक्यावरून आणायचे, तेव्हापासून. माणूस म्हणजे काय डबी आहे, नंबर घुसळला आणि निघेल त्या कपाटात टाकली?

तिच्या पेटीत मी भांडी भरली. एकच लहान पातेलं ठेवत होते, ती म्हणाली मोठं ठेव. एकटीला मोठं कशाला, विचारलं. तरी तिने मोठंच ठेवलं.

२ सप्टेंबर, मंगळवार. अकाबा

मिस, ऐकू येतंय का? फोन कानाला नीट लाव आणि लिही. हो, अकाबाच लिही, चुकीचं ऐकलं नाहीस. एवढ्या मोठ्या पातेल्यात ती एकटीसाठी काय शिजवणार, म्हणून आलेच मी. पूर्वेची खिडकी मला मिळाली. इथे नळाला रोज पाणी असतं. कुठलाही वार असो. सकाळपासून मी तो तीनदा नुसताच उघडून बंद केला, दीमाला सांगू नकोस. रविवारी जाऊन तिन्ही कपाटं पाहून आले, ती ठीक आहेत. मीही ठीक आहे. पंपाची किल्ली तुझ्याकडे, पडदे तू धुवायचेस. आता वांग्यांचा मोसम आहे, तर शुक्रवारच्या बसने मकदूसची बरणी पाठव. वांगी लहानच घे, अक्रोड हात सोडून भर, लसूण बेताने, तेल वर येईपर्यंत ओत, झाकण फडक्याने बांध आणि ड्रायव्हरला सांग, आडवी ठेवायची नाही.